माझ्या अशिलाची हरकत नाही

न्याय आणि अर्थ या दोन गोष्टी माणसाला एकाच दिवशी मिळत नाहीत. ज्याला न्याय मिळतो तो त्याचा अर्थ विचारत बसत नाही, आणि ज्याला अर्थ सापडतो त्याला न्यायाची तितकीशी निकड उरत नाही. आपल्याकडे या दोहोंपैकी अर्थाला पहिला मान दिला जातो, हे आपल्या सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे. गोमाजी तांडेलांना हे लक्षण ओळखायला जरा वेळ लागला, कारण त्यांना त्या काळात फक्त आपली होडी परत हवी होती.

गोमाजी ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातले. खाडीत अलीकडे मासळीपेक्षा प्लास्टिक ताजं मिळतं, तरी चिंबोऱ्या, निवट्या, थोडी कोळंबी यांवर त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, सरस्वतीबाईंचं, चालत होतं. होडी लाकडी होती. लाकडी होडीचा स्वभाव मासोळीसारखा असतो. पाण्यात राहिली तर टिकते, कोरड्यावर ठेवली की संपते. उन्हाने फळ्या आकसतात, सांध्यांत ठासलेला कापूस सुटतो आणि मग ती होडी म्हणजे नुसता होडीच्या आकाराचा जळाऊ माल उरतो.

एका पहाटे डोंबिवलीच्या प्रणित नावाच्या तरुणाने ती सोडून नेली. त्याला होडी चालवता येत नव्हती (चोरीसाठी तशी अट नाही), त्यामुळे ओहोटी लागताच होडी चिखलात रुतली आणि होडीत प्रणित. पोलिसांनी दोघांनाही बाहेर काढलं. प्रणितला जामीन मिळाला. होडीला मिळाला नाही. ती मुद्देमाल ठरून पोलीस ठाण्याच्या आवारात, दोन पंक्चर रिक्षा आणि एका जप्त उसाच्या चरकाशेजारी, उन्हात जाऊन पडली.

गोमाजी रोज तिथे जात आणि नळावरून बादली भरून होडीवर पाणी ओतत. हवालदारांनी काही दिवस दुर्लक्ष केलं. मग कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं की चोरी झाली तेव्हाची होडी आणि आत्ताची होडी एकाच अवस्थेत असली पाहिजे, आणि ओली करणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड. होडी चोरीला गेली तेव्हाही ओलीच होती, असं गोमाजी म्हणाले. पण जप्तीच्या पंचनाम्यात 'ओली' हा शब्द नव्हता, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती पहिल्यापासून कोरडी होती. इतर प्रकरणं भिजत पडतात, हे सुकत पडलं.

गोमाजींचा सगळा भरवसा हेमाली कर्णिक यांच्यावर होता. कर्णिक मॅडम सरकारी अभियोक्ता, हुशार आणि कामाने गांजलेल्या. पहिल्या तारखेला गोमाजी त्यांच्यासाठी डब्यातून चिंबोरीचं कालवण घेऊन गेले. ते पाहून मॅडमचा जीव नक्कीच कासावीस झाला, पण त्यांनी डबा परत केला.

"हे मला घेता येत नाही हो. आणि एक सांगते, मी तुमची वकील नाही."

"मंग कोनाची?"

"सरकारची."

"होरी सरकारची हाय का?"

"नाही, होडी तुमचीच आहे."

"मंग सरकार कोनासाटी भांडतंय?"

"तुमच्यासाठीच."

"मंग तुमी माज्याच न?"

मॅडमना त्या दिवशी आणखी बरीच प्रकरणं होती. पुढच्या तारखेला समजावून सांगते, असं त्या म्हणाल्या. (हा संवाद पुढे मंडळाच्या अहवालात परिशिष्ट म्हणून जोडण्यात आला. ते मंडळ आत्ता येतंच आहे.)

पुढची तारीख आली. होडी परत मिळण्याचा गोमाजींचा अर्ज पुकारला गेला. न्यायाधीश सज्जन होते, त्यांनी अर्ज वाचला आणि आरोपीचे वकील सुशांत साठ्ये यांच्याकडे पाहिलं. साठ्ये उठले आणि म्हणाले, "माझ्या अशिलाची हरकत नाही." एवढं वाक्य झालं की होडी सुटायची. न्यायाधीशांनी पेनाचं टोपणही काढलं होतं. सरस्वतीबाईंनी तर मागच्या बाकावर बसल्या बसल्या सांध्यांत भरायला कापूस किती लागेल याचा अंदाज बांधायला घेतला होता.

तेवढ्यात प्रणित उठला. "माझी हरकत आहे," तो म्हणाला. "होडी द्या, त्याचं काही नाही. पण माझ्याच वकिलाने मला भर कोर्टात अशील म्हटलं. अशील म्हणजे शील नसलेला. अजून गुन्हा शाबित झालेला नाही, साहेब."

शाळेत संस्कृतचे बाकी सगळे धडे प्रणितच्या डोक्यावरून गेले होते, फक्त 'अ' लावला की शब्द उलटा होतो एवढं लक्षात राहिलं होतं. ज्ञान, अज्ञान. शील, अशील. वरवर पाहता हा खुळेपणा होता, पण कायद्यात वरवर पाहायचं नसतं. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष. निर्दोष त्याअर्थी शीलवान. आणि शीलवान माणसाला निकालापूर्वीच अशील म्हणणं म्हणजे निकाल आधी फोडणं. शिवाय हा शब्द रोज शेकडो वेळा उच्चारला जात होता, तोही ज्यांची फी भरली जाते त्यांच्याबद्दल. न्यायाधीशांनी टोपण परत लावलं आणि शब्दाचं मूळ तपासून अहवाल यावा, तोवर अर्ज प्रलंबित ठेवावा, असा हुकूम केला.

अशा रीतीने 'विधी-शब्द मूळशोध मंडळ' अस्तित्वात आलं. अध्यक्ष म्हणून डोंबिवलीचे निवृत्त शिक्षक आगाशे सर यांची नेमणूक झाली. (प्रणितला तो 'अ' त्यांनीच शिकवला होता, त्यामुळे प्रकरणाची पार्श्वभूमी त्यांना ठाऊक होती.) सर खरोखर विद्वान होते. आयुष्यभर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता कोर्टाने विचारलं होतं. पहिल्याच बैठकीला ते नवीन कोट घालून आले.

"होरी कवा भेटंल?" गोमाजींनी त्यांना जिन्यात गाठून विचारलं.

"मुद्देमाल या शब्दात मुद्दा आधी येतो की माल?" सरांनी प्रेमाने विचारलं.

"मुद्दा."

"बघा, तुम्हालाही समजतंय."

मंडळाचा पहिला अहवाल लवकर आला आणि तो निर्दोष होता. अशील हा शब्द संस्कृत नव्हेच. तो अरबीतून, फारसीच्या वाटेने, दफ्तरांच्या गाठोड्यात बसून मराठीत आला. मूळ शब्द असील, म्हणजे अस्सल, मुळातला. ज्याचं काम तो मूळ माणूस, आणि ज्याच्यावर ते काम सोपवलं तो वकील. प्रणितला हे ऐकून भरून आलं. चोर म्हणून धरला गेलेला माणूस सरकारी कागदावर अस्सल ठरल्याचं हे आपल्या भागातलं पहिलंच उदाहरण होतं. त्याने हरकत तिथल्या तिथे मागे घेतली.

इथे प्रकरण संपलं असतं, पण तर्क एकदा उतारावर लागला की त्याला ब्रेक नसतो. अशील जर अस्सल, तर त्याच्या वतीने बोलणारा वकील म्हणजे नक्कल. आणि कोर्टात नक्कल सही-शिक्क्याशिवाय चालत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे मंडळाच्या शिफारशीवरून वकिलांना 'खरी नक्कल' असा शिक्का घेणं सक्तीचं झालं. तो कोटावर मारावा की गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर, यावर मतभेद झाले. साठ्यांनी कपाळावर मारून घेतला, कारण त्यांना घाई होती. आवारातल्या झेरॉक्सवाल्यांनी वकिलांची रांग पाहून दर वाढवले. काही ज्येष्ठ वकिलांनी उलट अर्ज केला की जुन्या राजवटींत वकील म्हणजे एका दरबारातून दुसऱ्या दरबारात पाठवलेला राजदूत असे, सबब आपल्याला निदान गाडी लावायला जागा मिळावी. मंडळाने इतिहास मान्य केला. जागा नव्हती.

दुसरा अहवाल फिर्यादीवर होता, म्हणजे गोमाजींवर. फिर्याद हा फारसी शब्द. अर्थ आक्रोश, मदतीसाठी फोडलेली किंकाळी. गोमाजींनी पोलीस ठाण्यात आपली हकीकत खालच्या आवाजात, मधेमधे चहा घेत सांगितली होती. तिला हकीकत म्हणता येईल, जबाब म्हणता येईल, फिर्याद कशी म्हणणार? तेव्हा तांडेलांनी रीतसर आक्रोश करावा असं ठरलं. अडचण एवढीच की कोर्टाभोवतीचा परिसर शांतता क्षेत्र होता. जिथे न्याय मिळतो तिथे आक्रोशाला बंदी, ही गोष्ट मंडळाच्या प्रथमच ध्यानात आली. (पक्षकारांच्या ती आधीपासून ध्यानात होती.) मग जरा लांब, तलावपाळीवर, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या साक्षीने आक्रोश घेण्याचं ठरलं.

गोमाजींनी तोंड उघडलं आणि त्यांच्या घशातून आवाज फुटेना. जन्मभर ते खाडीत एकटे, गप्प बसून जाळं टाकत आले होते. शेवटी सरस्वतीबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि त्यांनी मासळी बाजारातली हाक दिली, "आमची होरी द्या गो!" बदकं उडाली. दोघा गृहस्थांनी लगबगीने येऊन कोळंबीचा भाव विचारला. आक्रोश सर्व निकषांवर उतरला, पण तो गोमाजींचा नव्हता. गोमाजींनी तो बायकोवर सोपवला होता, आणि ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील. म्हणजे सरस्वतीबाईंनी तेवढा वेळ सनद नसताना वकिली केली होती. त्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.

आता तिसरा शब्द. इंग्रजीत अभियोक्त्याला प्रॉसिक्यूटर म्हणतात, आणि सरांनी लॅटिन कोश उघडून दाखवलं की त्याचा मूळ अर्थ 'मागे मागे जाणारा' असा आहे. मराठीत यालाच पाठपुरावा म्हणतात, आणि सरकारी कामात पाठपुरावा नेहमी कमी पडतो यावर सगळ्यांचं एकमत होतं. कर्णिक मॅडमना आरोपीच्या मागे जाण्याची लेखी सूचना मिळाली. प्रणित त्या आठवड्यात मित्रांबरोबर खडवलीला नदीवर डुंबायला गेला. मॅडमही गेल्या. तो पाण्यात, त्या काठावर दगडावर बसून, मांडीवर फाइली. प्रणितला ही सोबत आवडू लागली. आजवर त्याच्या मागे एवढ्या नेमाने कुणी आलं नव्हतं. संध्याकाळी त्याने मॅडमना वडापाव दिला. त्यांनी तो नियमाप्रमाणे परत केला.

नेमकी त्याच दिवशी गोमाजींच्या अर्जाची तारीख होती. सरकार पक्षातर्फे कुणी हजर नाही, असा शेरा पडला आणि अर्ज पुढे गेला. मॅडमनी नंतर गोमाजींची माफी मागितली. "मला सगळं कळतंय हो," त्या म्हणाल्या, "पण मी उद्या आंबिवलीला आहे. त्याच्या मावशीकडे साखरपुडा आहे." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. गोमाजींना त्यांची दया आली, आणि आपली अधिक आली.

चौथ्या शब्दाने मात्र होडीचा घात केला. आरोप म्हणजे मुळात रोवणं, लावणं. वृक्षारोपण त्याच घरातलं. सरांचं हे विवेचन इतकं सुंदर होतं की ऐकणाऱ्यांपैकी कुणा उत्साही अधिकाऱ्याने सूचना केली, यापुढे प्रत्येक आरोपाबरोबर एक रोप लावावं. आरोप आणि रोपं यांची जगण्याची टक्केवारी आपल्याकडे जवळपास सारखीच असल्याने हिशेबही सोपा पडणार होता. पोलीस ठाण्याच्या आवारात मात्र सगळीकडे फरशी. माती कुठे घालायची? आवारात लांब, खोलगट, लाकडी असं एक भांडं रिकामं पडलं होतं.

गोमाजी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांच्या होडीत काठोकाठ माती होती आणि तिच्यात चार रोपं उभी होती. एकाला रिबीन बांधलेली होती. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जिथे दर पुनवेला सरस्वतीबाई हळदकुंकू लावत, तिथे रोपांची निगा राखण्याबद्दलची पाटी ठोकली होती. गोमाजी त्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना मारामारी करता येत नव्हती आणि कुणाशी करायची हेही समजत नव्हतं.

हवालदाराला त्यांचं वाईट वाटलं. त्याने बादली पुढे केली. "आता घाला पाणी. झाडांना घालायला बंदी नाय."

आणि गोमाजी पुन्हा पाणी घालू लागले. पाण्याने माती भिजे, मातीने फळ्या ओल्या राहत, होडी सुकायची थांबली. पण त्याच पाण्याने रोपं तरारली. सरस्वतीबाईंनी एक दिवस मातीत बोट घालून रोपांची मुळं चाचपली आणि गोमाजींना हाक मारली.

"आवो, मुली खाली गेल्यान. सांध्यात शिरल्यान. पानी घातलं त झारं होरी फोरतान, नाय घातलं त ऊन फोरतंय. काय कराचं?"

गोमाजी रोज अर्धी बादली घालू लागले. अर्ध्या बादलीने झाडंही अर्धवट वाढली आणि होडीही अर्धवट फुटली. हा तोडगा सर्वांना समतोल वाटला.

गोमाजी मग थेट मंडळाच्या बैठकीत जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडून विचारलं की चोर नाय म्हनत नाय, कोर्ट नाय म्हनत नाय, मंग होरी अरली कुठं? प्रश्न मुद्देसूद होता आणि सरांनी त्याला शेवटचा अहवाल अर्पण केला. होडी सोडायला दोन्हीकडच्या अशिलांची ना-हरकत लागते. प्रणितची मिळाली. आता कर्णिक मॅडमचा अशील कोण? गोमाजी नव्हेत, हे मॅडमनी स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. गोमाजी या खटल्यात नुसते साक्षीदार. अशील म्हणजे सरकार. सरकार या फारसी शब्दात 'सर' म्हणजे डोकं आणि 'कार' म्हणजे काम. (दोन्ही एकाच ठिकाणी असल्याचा पुरावा मंडळाला मिळाला नाही.) पण लोकशाहीत सरकार लोकांचं, आणि मॅडमचा इंग्रजी हुद्दा तर 'पब्लिक' या शब्दानेच सुरू होतो. निष्कर्ष स्वच्छ होता. या खटल्यातला अस्सल, मूळ माणूस म्हणजे पब्लिक. होडीबाबत पब्लिकची लेखी ना-हरकत आणावी. मौन चालणार नाही, कारण मौनात दुखावलेपण दडलेलं असू शकतं, हे प्रणितच्या प्रसंगावरून सिद्ध झालं होतं.

"पब्लिक कुठं भेटंल?" गोमाजींनी विचारलं.

सर म्हणाले, रविवारी माझ्या व्याख्यानाला या.

तोवर सरांची व्याख्यानं डोंबिवलीत फार गाजू लागली होती. 'शब्दांचा खटला' या मालेला सभागृह अपुरं पडे. त्या रविवारी गोमाजी आणि सरस्वतीबाई धुतलेले कपडे घालून गेले. आत खरोखरच पब्लिक होतं, खच्चून. सर अशीलवर बोलले तेव्हा माणसं हसली, फिर्यादवर बोलले तेव्हा गंभीर झाली, सरकारची फोड ऐकून तर टाळ्या थांबेनात. मग सरांनी गोमाजींना व्यासपीठावर बोलावून "हेच ते मूळ फिर्यादी" अशी ओळख करून दिली, आणि सभागृह उभं राहिलं.

गोमाजींनी माइक दोन्ही हातांनी धरला. "मना सही पायजे," ते म्हणाले. "होरी फुटाला लागलीय. तुमी समद्यांनी सही केली त कोर्ट देतंय. दुसरं काय नको."

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आपण होरी म्हणालात," ते म्हणाले. "होडीतल्या ड-चा र कसा झाला, हे सरांकडून ऐकायला आवडेल."

सरांनाही ते सांगायला आवडलं. कार्यक्रम फार रंगला. शेवटी आभार झाले, चहा झाला, कित्येकांनी गोमाजींबरोबर फोटो काढले, एक बाई सरस्वतीबाईंना "तुमची भाषा किती गोड" म्हणाल्या. सह्यांचा कागद दाराशी टेबलावर ठेवला होता. त्याच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवून गेलं. गोमाजी सभागृहाच्या पायरीवर बसून रडले, आणि तलावपाळीवर जो आवाज घशातून निघाला नव्हता तो तिथे निघाला. पण तोवर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

पब्लिकची सही अजून आलेली नाही. आपण इथवर वाचलंत, अशीलचं मूळ आपल्याला समजलं, सरकारच्या फोडीला आपण हसलात, आणि मुळांनी भेगाळलेल्या त्या फळ्यांबद्दल आपल्याला मनापासून वाईटही वाटलं, याची नोंद घेण्यात आली आहे. फक्त होडीचं पुढे काय झालं, असं विचारू नका. गोमाजी तांडेल या खटल्यात नुसते साक्षीदार आहेत. खटला तुमचा आहे, कर्णिक मॅडम तुमच्या वकील आहेत, आणि स्वतःच्या खटल्याचं काय झालं हे अशिलाने दुसऱ्या कुणाला विचारायचं नसतं.